मामूलला चिरा का पडतात आणि कतायफचं तोंड का उघडतं

प्रश्न थोडक्यात असा: ईदसाठी घरी मामूल (सारण भरून साच्यात घडवलेली बिस्किटं) केले. साच्यातून काढताना निम्मे फुटले, जे निघाले त्यांची नक्षी ओव्हनमध्ये पसरली आणि दुसऱ्या दिवशी सगळे दगडासारखे झाले. कतायफ (सारण भरून मिटलेली छोटी धिरडी) तळताना तोंड उघडून सारण तेलात गेलं. मापं तंतोतंत घेतली होती. मग चुकलं कुठे?

मापं बहुधा बरोबरच असतील. या दोन्ही पदार्थांत गोंधळ होतो तो ओलाव्याचा. मामूलच्या पिठात पाणी उशिरा आणि अगदी बेताचं जायला हवं. कतायफच्या एका बाजूला ते शेवटपर्यंत टिकायला हवं. म्हणून किती पाणी यापेक्षा ते केव्हा आणि कुठे, याकडे लक्ष द्या.

आधी मामूल. अरबीत या शब्दाचा साधा अर्थ ‘केलेलं, घडवलेलं’. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत रूढी, वहिवाट या अर्थाने येणारा ‘मामूल’ आणि रोजच्या बोलण्यातला ‘मामुली’ हे त्याच धातूतून आलेले. पदार्थ मात्र अजिबात मामुली नाही. सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन, जॉर्डन या पट्ट्यात रमजानचे शेवटचे दिवस आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा घरोघरी याच कामात जातो. मुसलमान आणि ख्रिस्ती, दोघांचाही हा सणाचा पदार्थ, आणि मूळच्या सीरियातल्या ज्यू कुटुंबांत तो पुरिम या त्यांच्या सणाला होतो.

पहिला घोळ इथेच होतो. दुबई, दोहा किंवा मस्कतच्या दुकानात प्लास्टिकच्या वेष्टनात मिळणारा मऊ, खजुराचा मामूल बहुतेक वेळा मैद्याचा असतो. शामकडचा, म्हणजे वर सांगितलेल्या पट्ट्यातला, मामूल रव्याचा. इजिप्तमधलं कहक आणि इराकमधली क्लेचा ही आणखी वेगळी घराणी, दोन्ही मैद्याची. एकीचं पीठ आणि दुसरीची कृती घेतली की फसगत ठरलेली. मैद्याचं पीठ अर्ध्या तासात तयार होतं. रव्याच्या पिठाला एक रात्र लागते आणि तिला पर्याय नाही.

साधारण ४८ नगांसाठी हे प्रमाण धरा: मध्यम जाड रवा ३५० ग्रॅम, बारीक रवा १५० ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, तूप २८० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, महलबची पूड १ चहाचा चमचा, मस्तकीचे ३-४ छोटे खडे, नारंगीच्या फुलांचं पाणी आणि गुलाबपाणी मिळून १०० मिली, आणि हाताशी ठेवायला आणखी ३०-४० मिली साधं पाणी किंवा दूध.

अरब दुकानात रवा दोन नावांनी मिळतो. जाड तो ‘स्मीद’ आणि पिठासारखा बारीक तो ‘फर्खा’. भारतात मध्यम जाडीसाठी मुंबई रवा आणि फर्ख्याच्या जागी चिरोटी रवा चालतो. इडली रवा तांदळाचा असतो, तो घेऊ नका. दुसरी अडचण भाजक्या रव्याची. कीड लागू नये म्हणून काही दुकानदार रवा हलका भाजून पॅक करतात, आणि घरी शिऱ्यासाठी भाजून ठेवलेला रवाही असतो. तो मामूलला नको. भाजल्याने गव्हातली प्रथिनं आधीच शिजलेली असतात, पाणी लागल्यावर ती एकमेकांना धरत नाहीत आणि मामूल हातातच भुगा होतो. शामकडचा रवा कठीण, पिवळसर गव्हाचा असतो. आपला बहुधा साध्या गव्हाचा असतो आणि पाणी वेगळ्या प्रमाणात पितो. म्हणून पाण्याचा आकडा वहीतून उतरवू नका, हाताने ठरवा.

तूप कणीदार असेल तर उत्तम. फक्त एक काळजी घ्या: बेरी तांबूस होईपर्यंत कढवलेल्या तुपाचा खमंग वास महलब आणि फुलांच्या पाण्याला मारून टाकतो. इथे फिकट कढवलेलं तूप हवं. लोण्यात सुमारे सहावा हिस्सा पाणी असतं, तेव्हा तुपाऐवजी नुसतं लोणी वापरलं तर रव्याला तूप मुरण्याआधीच पाणी मिळतं. मग पीठ चिवट होतं. दुसऱ्या दिवशी दगड होण्यामागे पुष्कळदा हेच असतं. वनस्पती तुपाचे मामूल आकाराला देखणे होतात, पण टाळूला मेणाचा थर बसतो. ज्यांना चालतं त्यांना चालो.

महलब म्हणजे एका रानटी चेरीच्या बीमधला गर. वास कडवट बदामासारखा. आखाती देशातल्या कुठल्याही मसाल्याच्या दुकानात मिळतो. अख्खा आणावा आणि लागेल तेवढाच कुटावा, कारण दळलेला लवकर खवट होतो. मस्तकी म्हणजे एका झाडाचा सुगंधी डिंक. भारतात काष्ठौषधींच्या दुकानात ‘रूमी मस्तकी’ म्हणून मिळते. ती चमचाभर साखरेबरोबरच खलायची. एकटी खलली तर बत्त्याला चिकटून बसते. जास्त झाली की औषधाचा वास येतो, म्हणून चार खड्यांवर जाऊ नका. नारंगीच्या फुलांच्या पाण्याला केवडा हा पर्याय नाही. नसेल तर सगळं गुलाबपाणीच घाला.

आता कामाला लागू. आदल्या रात्री दोन्ही रवे, मैदा, पिठीसाखर, महलब, मस्तकी परातीत एकत्र करा. तूप पातळ करून कोमट होऊ द्या आणि त्यावर ओता. गरम तूप घातलं तर मैद्याच्या गुठळ्या होतात. मग दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन मिश्रण चोळायचं, अगदी १०-१५ मिनिटं, प्रत्येक कणाला तूप लागेपर्यंत. करंजीच्या कणकेला मोहन चोळतो तसंच, फक्त इथे तूप कितीतरी जास्त आणि घाई कितीतरी कमी. झाकून बाहेरच ८ ते १२ तास ठेवा. या वेळात तूप रव्याच्या कणात मुरतं. न मुरवता पाणी घातलं तर कण वरून ओले आणि आतून कोरडे राहतात. ओव्हनमध्ये कोरडा भाग पाणी ओढतो आणि वरच्या भागाला चीर जाते. तुमच्या चिरांचं पहिलं कारण इथे शोधा.

सकाळी मिश्रण घट्ट झालेलं दिसेल. ते पुन्हा चोळून मोकळं करा. आता सुगंधी पाणी, पण सगळं एकदम नाही. मिश्रणाचे तीन वाटे करा, एकावरच ३५ मिली पाणी शिंपडा, बोटांनी वरखाली करा आणि मुठीत दाबून गोळा करा. मळायचं नाही. हे वाक्य दोनदा वाचा. कणकेसारखं मळलं की रवा आणि मैद्यातला चिकटपणा जागा होतो, पीठ रबरासारखं होतं, साच्यातून बाहेर पडताच आक्रसतं आणि भाजल्यावर कडक होतं. झाकून २०-३० मिनिटं ठेवा. उरलेले वाटे तसेच कोरडे राहू द्या, एकाचं काम संपत आलं की पुढचा भिजवा. सगळं पीठ एकदम भिजवलं तर शेवटच्या नगांपर्यंत तासभर जातो, तोवर रव्याने पाणी पिऊन टाकलेलं असतं. पहिले दहा सुंदर आणि शेवटचे दहा भेगाळलेले, हे त्याचंच लक्षण.

पीठ जमलं की नाही, हे असं बघा. सुपारीएवढा गोळा तळव्यात वळा आणि अंगठ्याने मध्ये दाबा. काठाला केसाएवढी चीर चालेल. ठसठशीत भेग पडली तर हात सुगंधी पाण्यात बुडवून पीठ पुन्हा गोळा करा. भेग नाही पण बोटाला चिकटतं, तर पाणी जास्त झालं. अर्धा तास उघडं ठेवा, कोरडा रवा वरून भुरभुरू नका. तो कच्चा लागतो.

काही जण चिमूटभर यीस्ट किंवा बेकिंग पावडर घालतात. मामूल हलका होतो, पण नक्षी बुजते. साच्याची नक्षी ठळक हवी असेल तर दोन्ही टाळा.

सारण तीन प्रकारचं आणि प्रत्येकाचा साचा वेगळा. खजुराचा चपटा गोल, अक्रोडाचा घुमटासारखा उंच, पिस्त्याचा लांबट. ही नुसती हौस नाही. मामूल बंद असतो, ताटात आलेला कुठल्या सारणाचा हे पाहुण्याला आकारावरूनच कळतं.

खजुरासाठी २४ नगांना ३२५ ग्रॅम बी काढलेला मऊ खजूर, १ मोठा चमचा तूप, अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा वेलची. मंद आचेवर तुपात परतून गोळा होईपर्यंत घोटा. शाम आणि इजिप्तमध्ये या दाबलेल्या खजुराच्या गोळ्यालाच ‘अज्वा’ म्हणतात. मदिनेचा महागडा अजवा खजूर तो वेगळा, सारणात घालून त्याचं सोनं मातीत घालवू नका. आपल्याकडे डब्यात मिळणारा काळा, ओला खजूर चालतो, पण त्यातलं पाणी आटवायलाच हवं. तुकडा बोटांत दाबल्यावर चिकटायला नको, आणि मऊपणा बाहेरच्या पिठाइतका हवा. सारण पिठापेक्षा कडक असेल तर साच्यात दाबताना ते पीठ फाडून बाहेर येतं.

अक्रोडाचं सारण २४ नगांना: अक्रोड २०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, दालचिनी अर्धा चमचा, फुलांचं पाणी १ मोठा चमचा. पिस्त्याचंही प्रमाण हेच, दालचिनी वगळून आणि गुलाबपाणी घालून. मेवा सुरीने किंवा मिक्सरला दोन-तीनदाच फिरवून रव्यापेक्षा थोडा जाड ठेवा. फार फिरवला की तेल सुटतं आणि तो लगदा भाजताना पिठात झिरपतो. सारण मुठीत दाबल्यावर जेमतेम धरलं पाहिजे. ओलं झालं तर साखर विरघळून पाक होतो, पाकाला उकळी फुटते, वाफेला बाहेर पडायला वाट हवी असते आणि ती घुमटाच्या माथ्यावरच चीर पाडते. चीर माथ्यावर असेल आणि तिच्या कडेला चिकट तपकिरी ठिपका असेल तर दोष सारणाचा. चीर बाजूला, कोरडी आणि वेडीवाकडी असेल तर पिठाचा. खालून रस गळला असेल तर सांधा नीट बसला नव्हता.

भरताना पीठ २२ ग्रॅम, खजूर १४ ग्रॅम किंवा मेवा १० ग्रॅम. गोळ्याची वाटी करा, मोदकाच्या पारीसारखी, पण काठाला पातळ आणि तळाला जाड असं होऊ देऊ नका. भिंत सगळीकडून सारखी हवी. सारण ठेवून तोंड मिटवा, जास्तीचं पीठ काढून टाका. मग गोळा साच्यात घालताना सांधा वर, म्हणजे तुमच्याकडे, आणि गुळगुळीत बाजू नक्षीकडे. तळव्याने दाबून साच्याच्या काठाशी सपाट करा. आता मूठ धरून साच्याचं पुढचं टोक ओट्याच्या कडेवर एकदाच ठणकन आपटा आणि दुसरा हात खाली धरा. हळू हळू पाच वेळा ठोकलं की मामूल तुकड्यांनी पडतो. एक आपट, पण मनापासून.

साचा चिकटत असेल तर आत बारीक रव्याची चिमूट टाकून झटका. नवीन लाकडी साच्यात आधी तुपाचं बोट फिरवून रात्रभर ठेवावं. लाकडी साचा साबणाने धुऊ नका, कोरड्या ब्रशने साफ करा. पाणी प्यायलेलं लाकूड फुगतं आणि नक्षीच्या खाचा बुजतात. साचा नसेल तर मावा मोदकाचा साचा वापरायचा मोह होतो. तो उंच असतो, वरचं टोक करपतं तोवर तळ कच्चा राहतो. त्यापेक्षा चिमट्याने नक्षी काढा. शामकडे त्यासाठी दातेरी चिमटा असतोच, आणि मेहनत केली तर साच्यापेक्षा देखणं काम होतं.

ओव्हन २०० ते २१० अंश, आधी १५ मिनिटं तापवलेला. ताट खालच्या तिसऱ्या भागात ठेवा. वेळ १२ ते १५ मिनिटं. मामूल खालून सोनेरी आणि वरून पांढरट राहिला पाहिजे, खजुराचा वरून किंचित लालसर चालतो. १६० किंवा १७० अंशावर भाजले की तूप आधी वितळतं, पीठ नंतर घट्ट होतं, आणि मधल्या वेळात नक्षी पसरते. तुमच्या पसरलेल्या नक्षीचं कारण बहुतेक हेच. स्वयंपाकघर फार गरम असेल तर भरलेलं ताट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला.

बाहेर काढल्यावर हात लावू नका. गरम मामूल ओल्या वाळूसारखा असतो. अर्ध्या तासाने उचला. अक्रोड आणि पिस्त्याच्या मामुलांवर पिठीसाखर दोनदा भुरभुरतात: एकदा कोमट असताना, ती तुपाला धरून राहते, आणि एकदा पूर्ण गार झाल्यावर. खजुराच्यावर साखर घालत नाहीत, आतच पुरेशी गोडी असते. हलबमध्ये, म्हणजे अलेप्पोत, ‘कराबीज’ नावाचे पिस्त्याचे लांबट मामूल साखरेऐवजी ‘नातेफ’ या पांढऱ्या फेसाबरोबर खातात. तो फेस एका मुळीच्या काढ्यातून फेटून काढतात. घरी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर दोन आठवडे सहज टिकतात. दूध घालून भिजवलेले चार-पाच दिवसांतच संपवा. पहिल्या दिवशी थोडे भुसभुशीत लागतात, दुसऱ्या दिवशी तूप सगळीकडे सारखं बसून ते जमून येतात. म्हणून ईदच्या आदल्या दिवशी करण्यापेक्षा दोन दिवस आधी करा.

आता कतायफ. याचा मोसम एकच, रमजान. अम्मान, दमास्कस, नाब्लस, जेरुसलेम इथे त्या महिन्यात बेकरीच्या दारात मोठ्या तापलेल्या तव्यावर धिरड्यांसारख्या गोल चकत्या ओतत बसलेले कारागीर दिसतात. लोक त्या वजनावर विकत घेतात आणि घरी नेऊन भरतात. पदार्थ जुना आहे: दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाककृतींत कतायफ आहेत. नाव मखमलीच्या अरबी शब्दाशी जोडतात, आणि चकतीची वरची, जाळीदार मऊ बाजू पाहिली की ते पटतं.

सुमारे २५ चकत्यांसाठी मैदा २५० ग्रॅम, बारीक रवा ६० ग्रॅम, साखर १ मोठा चमचा, इन्स्टंट यीस्ट १ चहाचा चमचा, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, मीठ चिमूटभर आणि कोमट पाणी ४८० मिली. मिक्सरमधून एकदा फिरवा, म्हणजे गुठळी राहत नाही. ४५ मिनिटं झाकून ठेवा. पीठ घावनाच्या पिठाहून दाट आणि आंबोळीच्या पिठाहून पातळ हवं. पळीतून अखंड धार पडावी. फुगून दाट झालं असेल तर चमचा-चमचा पाणी घालून सारखं करा, पण फेटून सगळी हवा काढू नका.

तवा मध्यम आचेवर, पूर्ण कोरडा. तेल किंवा तूप लावायचं नाही, कारण तुपकट कडा एकमेकींना चिकटत नाहीत, आणि कतायफ मिटतो तो केवळ स्वतःच्या ओलेपणावर. ३० मिली पीठ एका जागी ओता आणि ते आपोआप ९-१० सेंटीमीटर पसरू द्या, पळीने फिरवू नका. अर्ध्या मिनिटात भोकं पडू लागतील. मिनिट-सव्वा मिनिटात वरची चकाकी जाऊन सगळा पृष्ठभाग मंद दिसला की काढा. उलटायचं नाही. वरची बाजू शिजते ती वाफेवरच, आणि तीच पुढे डिंकाचं काम करते.

भोकं पडली नाहीत तर पीठ दाट आहे, तवा थंड आहे किंवा यीस्ट मेलेलं आहे. भोकं मोठी आणि थोडीच पडली तर तवा फार तापलाय. खालची बाजू डागाळलेली, गोलगोल कड्यांची दिसली तरी तेच. आच फार मंद असेल तर चकती वरून कोरडी होईपर्यंत तीन मिनिटं लागतात आणि तोवर कडा कडक होतात. अशी चकती मिटतानाच चिरते.

काढलेल्या चकत्या ओट्यावर सुती पंचा पसरून त्यावर जाळीची बाजू वर करून एकेक ठेवा आणि दुसऱ्या पंचाने झाका. एकीची जाळी दुसरीच्या जाळीवर आली की कायमची चिकटते. झाकल्यावर वाफेने कडा मऊ पडतात. वर पंखा चालू असेल तर बंद करा. तुमचे कतायफ तळताना उघडले असतील तर माझा पहिला संशय पंख्यावर, दुसरा तेल लावलेल्या तव्यावर. दहा-पंधरा मिनिटांत कोमट झाल्या की लगेच भरायला घ्या. दोन तासांनंतर त्या आपणहून चिकटत नाहीत, मग कडेला मैद्याची पातळ खळ लावावी लागते. विकत आणलेल्या चकत्यांनाही हाच नियम, सकाळी आणून संध्याकाळी भरायच्या असतील तर ओल्या पंचात गुंडाळा.

सारण अक्रोडाचं: जाडसर कुटलेले अक्रोड २०० ग्रॅम, साखर ३ मोठे चमचे, दालचिनी १ चमचा, फुलांचं पाणी १ चमचा. चकतीत एक मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. कडेला एक सेंटीमीटर जागा कोरी ठेवा. साखरेचा एक कण जरी सांध्यात आला तरी तिथून पाक गळतो. अर्धचंद्र करून अंगठा आणि तर्जनीत कड दाबत जा, करंजीसारखी मुरड न घालता नुसती चिमटत, आणि एकदा टोकापर्यंत गेलं की उलट दिशेने पुन्हा या. दोन फेऱ्या.

चीजचं सारण नाब्लसी किंवा अक्कावी चीजचं असतं. दोन्ही खारट, म्हणून काप करून पाण्यात ठेवतात आणि खारटपणा जाईपर्यंत पाणी बदलत राहतात. भारतात ताजं पनीर आणि बिनमिठाचं मोझरेला अर्धं-अर्धं मिसळून काम भागतं. पनीर रवाळपणा देतं, मोझरेला तार देतं. चव तीच येत नाही, पण खाणारा तक्रार करत नाही.

तळायचे असतील तर तेल १७५ ते १८० अंश, चकतीचा एक तुकडा टाकल्यावर लगेच वर यावा पण काळवंडू नये. २-३ मिनिटं, एकदा उलटून. तेल थंड असेल तर कतायफ तेल पितो आणि सांधा सैल होतो. भाजायचे असतील तर दोन्ही बाजूंनी तुपाचा हात द्या आणि २१० अंशावर १२-१५ मिनिटं. भाजलेला कतायफ किंचित कोरडा लागतो, पण उघडण्याची भीती जवळजवळ नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने भाजावेत, असं माझं मत.

पाकाला ‘कत्र’ म्हणतात, आपल्याला उर्दूतून ठाऊक असलेल्या ‘कतरा’चाच शब्द. साखर ४०० ग्रॅम, पाणी २०० मिली. साखर विरघळेपर्यंत ढवळा, उकळी आली की डाव बाहेर आणि लिंबाचा रस १ चमचा आत. ढवळत राहिलं की भांड्याच्या कडेचे कण पाकात पडतात आणि दुसऱ्या दिवशी तळाशी साखर बसते. लिंबू साखरेचा काही भाग फोडतं, तो पुन्हा कण धरू देत नाही. मंद आचेवर ५-७ मिनिटं, एकतारी होण्याच्या जरा अलीकडे बंद करा. फुलांचं पाणी गॅस बंद केल्यावर, नाहीतर सगळा सुगंध वाफेबरोबर जातो. वेलची आणि केशर इथे परकी आहेत.

गुलाबजामची सवय इथे आड येते. गुलाबजाम गरम पाकात मुरवतात. कतायफ गरम, पाक थंड. दोन्ही गरम असले तर कवच लगेच मऊ पडतं, दोन्ही थंड असले तर पाक वरच राहतो. तळलेला कतायफ झाऱ्यात निथळला की थेट गार पाकात, अर्ध्या मिनिटात बाहेर. पाक आदल्या दिवशी करून ठेवणं सगळ्यात सोयीचं.

साईचं सारण राहिलं. ‘किश्ता’ म्हणजे आपली सायच: रुंद भांड्यात मंद आचेवर ठेवलेल्या दुधावरचे थर काढून गोळा करतात. रोज साय काढणाऱ्या घरात ती तयारच असते, फक्त ताजी हवी, विरजणासाठी साठवलेली आंबूस नको. घाईत ५०० मिली दूध, २०० मिली मलई आणि ४ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंडच एकत्र करून सतत ढवळत शिजवा. उकळी आल्यावर आणखी दीड मिनिट ठेवा, नाहीतर कच्चट लागतं. फुलांचं पाणी १ चमचा शेवटी. वर साय धरू नये म्हणून प्लास्टिक अगदी चिकटवून गार करा. तळायच्या कतायफात ही भरत असाल तर रात्रभर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. पातळ किश्त्याची तेलात वाफ होते आणि कतायफ फुटतो, कितीही चिमटा.

किश्त्याचा खरा मान ‘असाफिरी’त आहे. असाफीर म्हणजे चिमण्या. चकत्या ६-७ सेंटीमीटरच्या, पीठ किंचित पातळ, आणि कड अर्धीच चिमटून शंकू करायचा. उघड्या तोंडातून किश्ता भरायचा, तोंड पिस्त्याच्या भुग्यात बुडवायचं आणि वरून थोडा जास्त आटवलेला पाक धारेने सोडायचा. तळत नाहीत, भाजत नाहीत. म्हणूनच चकती ताजी आणि मऊ असणं इथे सगळ्यात महत्त्वाचं. पाक वाढायच्या वेळीच घाला. भरलेल्या असाफिरी ओल्या पंचाखाली फ्रिजमध्ये चार तास राहतात, त्यानंतर कडा वातड होतात आणि किश्त्याला पाणी सुटतं.